कटकट नसलेलं घर

“आणि दुसरं?” अप्पांनी विचारलं.

“दुसरं काय?”

“दोन घरं बघितली म्हणालास. एकाचं सांगून झालं. दुसऱ्याचं सांग.”

राजशेखर हसला. दुसऱ्या घरात सांगण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं.

सोलापुरातल्या या लहानशा मठात तो शाळकरी वयात राहून शिकला होता. आता पस्तिशी ओलांडलेला इंजिनियर होता. कोणती इमारत टिकेल आणि कोणती नाही, हे लोक त्याला विचारून ठरवायचे. मठाचे स्वामी, अप्पा, आता बरेच थकले होते. तरी नवं काही करायचं तर आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं, ही त्याची सवय सुटली नव्हती. त्या दिवशी तो सल्ला मागायला आला होता... निदान म्हणाला तरी तसं.

पहिल्या घराविषयी तो भरभरून बोलला होता. विजापूर रोडला, शहर जिथं संपतं तिथली नवी वसाहत. सातवा मजला. भिंतींचा रंग असा, की ओलं फडकं फिरवलं की झालं. लाकूड कुठंच नाही, म्हणजे वाळवी नाही. गच्ची सोसायटीची, जिना सोसायटीचा, बागही सोसायटीची. पाणी कधी येईल म्हणून वाट बघायची नाही. शेजारच्या घरातला आवाज येत नाही.

“कशाचीच कटकट नाही, अप्पा. कुलूप लावावं, महिनाभर कुठंही जावं. परत यावं तर घर जसंच्या तसं.”

“बरं. आणि दुसरं?”

“ते जुन्या पेठेत. गल्लीतलं, पहिला मजला. वरची गच्ची झिरपते, दरवर्षी बघावं लागेल. पाणी चार दिवसांआड, भरून ठेवायचं. स्वयंपाकघराची खिडकी तर समोरच्या बाईंच्या स्वयंपाकघरातच उघडते. आता या वयात डोक्याला ताप कोण लावून घेईल? दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बघायच्या आणि रात्री आपल्या?”

“गिरिजा काय म्हणाली?”

गिरिजा म्हणजे त्याची बायको.

“तुम्ही ठरवा म्हणाली.”

“तू ठरवायच्या आधी की नंतर?”

राजशेखर खिशातला फोन उगाच चाचपू लागला.

“नवीन घराला शब्द दिलायस?”

“हो... परवा.”

“गिरिजा कुठंय?”

“बाहेर. कट्ट्यावर बसलीय.”

“आत का नाही आली?”

त्यानं तिला आत चल म्हटलंच नव्हतं. गाडी लावली, चपला काढल्या आणि तो सरळ अप्पांकडं आला होता.

“ते पेठेतलं घर बघायला गेलात, तेव्हा ती कुठं उभी होती?”

“मी छत बघत होतो, अप्पा. ओल कुठून उतरते ते...”

“मी तिचं विचारतोय.”

त्याला आठवेना. आतून कुणाशी तरी बोलण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं होतं, एवढंच.

अप्पा काठी टेकत उठले. राजशेखरही उठू लागला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आपल्या बैठकीवर बसवलं.

त्या बैठकीवर मठात दुसरं कुणी बसत नसे.

“अप्पा, इथं नको...”

“बस. इथून बाहेरचं ऐकू येतं.”

अप्पा बाहेर गेले आणि गिरिजेपासून हातभर अंतरावर कट्ट्यावर बसले. ती उठायला लागली. त्यांनी हातानंच बस म्हटलं.

त्यांनी काठी शेजारी टेकवून ठेवली.

“पेठेतलं घर कसं होतं?” अप्पांनी विचारलं.

“बरं होतं.”

अप्पा थांबून राहिले.

“स्वयंपाकघरात उभी होते,” गिरिजा म्हणाली. “समोरच्या बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, येताय का राहायला?”

“मग?”

“मी हो म्हणाले.”

आत राजशेखरनं मान खाली घातली.

“हे आठ-आठ दिवस साइटवर असतात, अप्पा. घरी आले तरी फोन चालूच. मला आवाज हवा होता, कुणाचा तरी. खिडकीतून एवढंसं विचारलं तरी पुरे होतं.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगणार होते. पण गाडीत बसल्यावर ह्यांनी त्या घराचं काय काय बिघडेल ते सगळं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्यापुढं माझं काय सांगायचं? राहून गेलं.”

“आता सांग.”

“आता कशाला? त्यांनी तिकडं शब्द दिलाय.”

अप्पा तिला घेऊन आत आले. राजशेखर घाईनं बैठकीवरून उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. गिरिजा अप्पांच्या पाया पडत होती. तिचं होईतो तो थांबला, आणि मग बोलायची वेळ निघून गेल्यासारखी वाटली.

गाडीत त्यानं मनाशी ठरवलं, घरी पोचलो की पेठेतल्या घरमालकाला फोन करायचा. घरी पोचायच्या आत साइटवरून फोन आला. एक स्लॅब ओतायचा होता. आठवडा त्यातच गेला.

मग त्यानं फोन केला.

“अहो, गेलं की ते,” घरमालक म्हणाले. “तुमच्या मिसेसना आवडलं होतं म्हणून मी थोडा थांबलो होतो. तुमच्याकडून काहीच निरोप नाही...”

त्यानं गिरिजेला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “ते दुसरंही चांगलंच आहे.”

दिवाळीच्या आधी ते नव्या घरात राहायला गेले.

दोन उन्हाळे गेल्यावर राजशेखर पुन्हा मठात आला. एकटाच. अप्पांना आता नीट दिसत नव्हतं. आवाजावरून त्यांनी त्याला ओळखलं.

“घर कसंय?”

“तुम्हाला सांगितलं होतं तसंच. काही म्हणता काही बिघडलं नाही.”

“मग?”



“सुरुवातीला ती स्वयंपाकघरात रेडिओ लावायची. मोठ्यानं. मी घरी असलो की कमी कर म्हणायचो, फोनवर ऐकू येत नाही म्हणून... आता लावतच नाही.”

“भांडता?”

“नाही. एकदाही नाही.”

“तब्येत?”

“डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. माझं ताट वेळेवर वाढलेलं असतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. हसतेसुद्धा.” त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. “मी रोज शोधतो, अप्पा. कुठून ओल येतेय ते मला कुणाच्याही घरात सापडतं. इथं दुरुस्त करावं म्हटलं, तर मोडलेलं काही दिसतच नाही.”

अप्पा ऐकत होते.

“मागच्या महिन्यात म्हटलं, हे विकून टाकू. पेठेत पुन्हा घर बघू. त्याच गल्लीत बघू.”

“काय म्हणाली?”

“तुम्ही ठरवा म्हणाली.”

मठाच्या स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी लावत होतं. राजशेखर तो आवाज ऐकत राहिला.

“तेव्हा आठवडा थांबायला नको होतं,” राजशेखर म्हणाला. “त्याच दिवशी, इथूनच फोन करायला हवा होता.”

अप्पांनी काठी चाचपून जवळ ओढली.

“आता मी काय करू?”

“तुझ्या शेजारी कोण राहतं?” अप्पांनी विचारलं.

राजशेखरला प्रश्नाचं नवल वाटलं.

“काय माहीत, अप्पा. समोरचं दार कायम बंद असतं. पाटी आहे नावाची. पण आतलं माणूस कधी दिसलं नाही.”

“मी दाराबाहेरचं विचारलं नव्हतं.”