पडद्यामागची संध्याकाळ

"...पण गुरुजी, तिथे जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो. मग दिवा लावायचा कधी आणि जेवायचं कधी?"

श्रीपादने हे तिसऱ्यांदा विचारलं. वाईच्या घाटाजवळच्या दाजीशास्त्रींच्या खोलीत तो सकाळपासून ठाण मांडून बसला होता. चार दिवसांनी त्याला तीन महिन्यांसाठी स्टॉकहोमला जायचं होतं, तिथल्या ग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांची सूची करायला.

चाळीस वर्षांपूर्वी शास्त्रीबुवा याच कामासाठी तिथे एक उन्हाळा राहून आले होते.

"लोकरीची बंडी ने," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्यांच्या उन्हाळ्यावर भरवसा ठेवू नकोस. बटाटे आणि दही मुबलक मिळेल. कुणाकडे गेलास तर जोडे दारातच काढ, तेही आपल्यासारखेच आहेत. आणि खोलीचा पडदा जाड आहे ना, ते आधी बघ. नाहीतर पहाटे साडेतीनला ऊन डोळ्यांवर येतं."

"ते सगळं लिहून घेतलं. मी नेमाचं विचारतोय."

तिन्हीसांजेला दिवा लावल्यावाचून रात्रीचं जेवायचं नाही, हा तो नेम. बारा वर्षांत श्रीपादने तो एकदाही चुकवला नव्हता, आणि हे गावात कुणाला ठाऊक नाही असं होऊ दिलं नव्हतं. वाती वळणं, समई घासणं, गरम ताट वेळेवर मांडणं हे त्याची बायको रमा बघायची. श्रीपाद काडी ओढायचा.

"नेम मोडणार असेल तर मी जाणारच नाही," तो म्हणाला. "आजच नकार कळवतो."

"मीही असाच होतो," शास्त्रीबुवा हसले. "ताठ..."

मग त्यांची नजर मऊ झाली.

"लिंडक्विस्टबाई म्हणून घरमालकीण होती माझी. साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू. रात्री आठला तिचं स्वयंपाकघर बंद व्हायचं, आणि मला तर दहापर्यंत अन्न वर्ज्य. गार झालेलं खायचं नाही, हा आणखी एक हट्ट होताच. दुपारच्या पावावर पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी तिच्या जिन्यातच चक्कर येऊन पडलो."

"मग?"

"मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, बाई, संध्याकाळ झाल्याशिवाय मी जेवत नाही. वाटलं, हसेल."

"हसली?"

"नाही..."

शास्त्रीबुवांनी पंच्याने चष्मा पुसला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"दुसऱ्या दिवशी सातला ती तीन जिने चढून वर आली. हातात झाकलेलं ताट. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने खिडकीचा निळा पडदा सरकवला, खोलीत अंधार केला. मेणबत्ती लावली, ताट पुढे ठेवलं. आणि माझं जेवण होईपर्यंत दारातल्या स्टुलावर बसून राहिली."

"एकच दिवस?"

"मी परत निघेपर्यंत, रोज. तिला ताप होता त्या दिवशीसुद्धा."

बटाट्यांवर ती शेपू बारीक चिरून घालायची, ते म्हणाले. अजूनही मंडईत शेपूची जुडी दिसली की पाय थबकतात. इकडे आल्यावर तिला पत्र पाठवायचं, असं किती वर्षं मनात होतं. राहून गेलं.

श्रीपादलाही गलबलून आलं. पण बारा वर्षांचा नेम तो, एवढ्याने थोडाच वाकणार होता.

"क्षमा करा, गुरुजी," तो चाचरत म्हणाला. "पण ती काही खरी संध्याकाळ नव्हती. पडद्यामागे ऊन होतंच की. म्हणजे आपला नेम... मोडलाच ना?"

शास्त्रीबुवा रागावले नाहीत. खिडकीतून कृष्णेच्या पाण्याकडे बघत राहिले...

"नेम तिने पाळला, श्रीपाद. मी नुसता जेवलो."