विमान आणि खुडुक कोंबडी

कोंबडी काळी होती की तांबडी, याची मला आता खात्री नाही. बाकीचे बहुधा बरोबर असावे. फार पूर्वी एक युद्ध संपले आणि माळावरची लढाऊ विमाने मोडीत काढायचे ठरले. त्यांतल्या एका विमानात, वैमानिकाच्या खुर्चीवर, एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"ऊठ, बये," विमान म्हणाले. "मी तीन लढाया मारल्यात. माझं खुराडं करू नकोस."

"उठते की. पण ते घणवाले खुडुक कोंबडीला कधी उठवत नाहीत. पाप लागतं म्हणतात."

तेवढ्यात शेजारच्या विमानावर पहिला घाव पडला. विमानाचा आवाज एकदम मऊ झाला.

"किती दिवस बसशील?"

"एकवीस. मग माझी जाऊ बसेल. पण ती खुराड्यातच बसते. विमानाची तिला भीती वाटते."

घणवाले जवळ आले. त्यांच्या मुकादमाने आत डोकावून विचारले, "हे काय आहे रे?"

विमानाने पंख जमतील तेवढे पाडले आणि हळूच म्हटले, "खुराडं आहे, मालक."

पुष्कळ वर्षांनी मी त्या मोडीची सरकारी यादी स्वतः पाहिली. एकोणचाळीस विमानांपुढे 'मोडले' असा शेरा आहे. चाळिसाव्यापुढे लिहिले आहे, 'विमान नव्हे, खुराडे.'