एका पायाची बैठक

बोरवंड गावात हरबा नावाचा सुतार राहत होता. हात मोठा कसबी, पण माणूस हेकट. जुनं लाकूड कामाला येत असेल तर उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा त्याचा नेम.

त्याच गावात मोतीशेठचं धान्याचं दुकान होतं. शेठ सकाळी गादीवर बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. प्यायचं पाणीसुद्धा हातात लागायचं. बसून बसून त्यांचे पाय सुजले. एक दिवस उठायला गेले आणि उंबऱ्यातच कोसळले. वैद्यबुवांनी बजावलं, "शेठ, उठत-चालत राहा. नाहीतर पाय कायमचे जातील." आता गावात कुठली गोष्ट लपते? दुपारपर्यंत घरोघरी कळलं.

शेठनी मात्र हरबाला बोलावून सांगितलं, "नव्या सागाची ऐसपैस खुर्ची कर. एकदा बसलं की उठावंसंच वाटू नये!"

चौथ्या दिवशी हरबा आला. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीची एक बैठक त्याने पुढे ठेवली. वर गोल पाट, खाली मधोमध एकच पाय.

"बाकीचे तीन वाटेत पडले काय रे?" शेठ ओरडले.

"दोन तुमच्याकडे आहेत, शेठ. ते जमिनीला टेकवून बसायचं. ढिले सोडलेत तर पडाल. ही फार वेळ बसू देणार नाही, उठावंच लागेल."

"माझी थट्टा करतोस? नीट खुर्ची कर, नाहीतर या दुकानाचं एकही काम तुला मिळणार नाही!"

हरबाची चूल त्याच दुकानाच्या कामावर पेटायची. तरी त्याने बैठक उचलली नाही. मग म्हणाला, "नका देऊ. तुमचे पाय घालवणारी खुर्ची माझ्या हातून होणार नाही. हां, माझ्या घरापर्यंत चालत आलात, तर म्हणाल तशी करून देईन. शब्द आहे माझा."

हरबाचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याजवळ. शेठ इरेला पेटले. "येतोच बघ!"

शेठच्या बायकोने, गुणाबाईंनी, त्याच दिवशी दुकानातली गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. म्हणाल्या, "हवी तर चढून काढा."

झालं. शेठ बैठकीवर बसायचे, मांड्या भरून आल्या की उठायचे आणि चालायला लागायचे. पहिल्या दिवशी दारापर्यंत. मग चिंचेपर्यंत. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "काय शेठजी, आज कुठवर?"

"ओढ्यापर्यंत! त्या सुताराची जिरवायला!"

अर्ध्या वाटेतून धापा टाकत परतायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे.

तिकडे हरबाकडे काम नव्हतं. बायको म्हणाली, "करून टाका की हो ती खुर्ची. आपलं काय जातंय?"

"शेठचं जातंय," एवढंच तो बोलला.

दीड महिन्याने शेठ काठी टेकत हरबाच्या अंगणात येऊन उभे राहिले. अंग घामाने निथळत होतं, पण पायांची सूज ओसरली होती. हरबाने करवत हातात घेतली. "जिंकलात, शेठ. टेका घटकाभर, दमला असाल. आणि सांगा, खुर्ची कशी करू?"

शेठनी मागे वळून आपण चालून आलेला सगळा रस्ता पाहिला. मग हसले.

"टेकायला वेळ कुठाय रे? मला परत चालत जायचंय. खुर्ची राहू दे. आमचे मुनीमजीही बसून बसून फुगलेत, त्यांच्यासाठी अशीच एक बैठक कर. आणि उद्यापासून कामावर ये."

तात्पर्य: आपलं खरं भलं चिंतणारा माणूस आपण मागू ते नाही, आपल्याला गरज असेल ते देतो; आणि त्यासाठी आपला राग सोसायलाही मागे हटत नाही.