साहेबांचा 'लुक'

संस्थानातली मुलींची शाळा तपासायला इंग्रज साहेब आले आणि मराठीच्या तासावरच घसरले.

"ही कसली भाषा! माणूस भाकरी खातो, मारही खातो आणि हवाही खातो! मराठीचा वर्ग उद्यापासून बंद."

मुली रडवेल्या झाल्या. त्यांच्या बाई, अंबूताई टिपरे, शांतपणे उठल्या.

"साहेब, एक शंका होती. तुमच्या इंग्रजीत 'लुक' म्हणजे काय?"

"पाहणे. सोपं आहे."

"आणि 'लुक फॉर'?"

"शोधणे."

"'लुक आफ्टर'?"

"सांभाळणे." साहेबांचा आवाज जरा उतरला.

"'लुक डाउन ऑन'?"

"तुच्छ लेखणे," साहेब पुटपुटले.

अंबूताईंनी हात जोडले. "विलायतेच्या राणीसाहेबांनी आपल्याला 'लुक आफ्टर अस'साठी पाठवलं आणि आपण 'लुक डाउन ऑन अस' करून निघालात. क्रियापद तेच राहिलं साहेब, पण आमचा वर्ग बुडाला!"

साहेब लालबुंद झाले, आणि मग खो खो हसत सुटले. हुकूम त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला. त्या दिवशी मुलींनी कविता इतक्या मोठ्यानं म्हटल्या, की बाजारातली माणसं शाळेच्या दाराशी येऊन ऐकत उभी राहिली.