शेजारची वाटी

भांडी बोलत असत आणि प्रत्येक भांड्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं असे, तेव्हाची ही गोष्ट. “ती वाटी एकदाची देऊन टाकायची...” सिंधूकाकू म्हणाल्या, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं पळीला ऐकूच आलं नाही. पण अर्ध्या बातमीवर गप्प बसेल ती पळी कसली.

“मोडीत जाणार गं तू,” तिने मांडणीवरच्या वाटीला सांगून टाकलं.

वाटी शेजारच्या फरीदाभाभींची, तसं नावच होतं तिच्यावर. ईदला शीरखुर्मा घेऊन आली, ती महिनाभर इथेच राहिली होती. तिचा चेहराच पडला. “मला घरी जायचं होतं हो. आम्ही सहा जणी आहोत, पाच जणी वाट बघत असतील.”

“मग काकूंनी आजवर धाडली का नाही तुला?” झारा म्हणाला. “नकोशी झालीस, दुसरं काय.”

कोपऱ्यातला खलबत्ता क्वचितच बोले. तो म्हणाला, “शेजारची वाटी कोणी रिकामी परत करतं का? आधी बरणीत काय मुरतंय ते बघा.”

कोणीही बघितलं नाही. हळहळण्यात जास्त मजा होती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वाटी घासूनपुसून घेतली, काठोकाठ आंब्याचं लोणचं भरलं आणि फरीदाभाभींकडे नेऊन दिली.

“दिली की नाही? मी खोटं बोलते का?” पळी म्हणाली.

चार दिवसांनी वाटी गरम गुलगुले घेऊन हजर झाली. “अर्धं खरं होतं हो, पळीबाई,” ती म्हणाली. “उरलेलं अर्धं तुम्ही ऐकेपर्यंत मी बहिणींना भेटूनही आले.”