भिंतीकडे फिरवलेला डिस्प्ले

एकवीस गुरुवार मी दत्ताला बोलले होते. उद्यमनगरातल्या शेडमधलं नवं लेथ मशीन आमच्या यांच्याकडेच राहू दे, त्या निवासकडे जायला नको. गुरूच्या हाती जेवणाचा डबा दिल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही. नवसात दुसऱ्याचं नाव घालू नये, हे तेव्हा कुठे कळत होतं!

यांचे गुरू म्हणजे हैदरचाचा. उभं आयुष्य लेथवर गेलेलं.

तिसऱ्या गुरुवारी डबा घेऊन शेडमध्ये शिरले, तर हे विचारत होते,

"चाचा, मशीन खोटं कसं बोलतं?"

पुढ्यात कातलेले दोन लोखंडी शाफ्ट पडले होते. मशीनच्या डिस्प्लेवर जाडी चाळीस मिलिमीटर, आणि मायक्रोमीटरने मोजले की सहा शतांश कमी. दोन्ही बाद. तिसराही गेला तर उद्यापासून हे लेथ निवासला, असं मालक सांगून गेले होते.

निवास पलीकडच्या जुन्या लेथवर. त्याला डिस्प्ले नाही. चाकावरच्या रेघा मोजून काम करायचा, पण त्याचा नग कधी परत येत नसे. तेच यांना खुपायचं. मलाही.

मशीनची मापपट्टी पुसून झाली होती, चुरा काढून झाला होता, टूल बदलून झालं होतं. यात निवासचाच हात असेल, हेही हळूच चाचांच्या कानावर घालून झालं.

चाचांनी टूल पुढेमागे करणाऱ्या स्लाइडला मापाची डायल लावली, चाक फिरवलं. डायलवर एक मिलिमीटर. डिस्प्लेवर त्याहून कमी.

मग त्यांनी वायर चाचपली. पट्टीवरच्या सेन्सरपासून डिस्प्लेपर्यंत ती दोरीसारखी ताणलेली. स्लाइड पुढे गेली की सेन्सरला मागे ओढायची.

"दौलत, डिस्प्ले भिंतीकडे कुणी फिरवला?"

"मीच."

"का?"

"तिकडून निवासला माझे आकडे दिसतात, चाचा."

निवासने मान वर केली नाही. "चष्मा घरी राहिला की मला माझ्याच रेघा दिसत नाहीत, दादा. तुमचे आकडे कुठले वाचतोय."

हे लाल झाले. डिस्प्ले चार बोटं इकडे वळवला. वायर सैल पडली. चाचांनी सेन्सर सरळ करून स्क्रू आवळला. डायलवर एक, डिस्प्लेवरही एक.

तिसरा शाफ्ट लागला. मी दत्ताचं नाव घेत डबा छातीशी धरून उभी.

मायक्रोमीटर चाळीसवर थांबला... मी श्वास सोडला.

डिस्प्लेची पाठ अजून निवासकडेच होती. यांनी तिच्यावर हात ठेवला.

"आता एवढं पुरे ना, चाचा?"

चाचांनी मान हलवली. नाही.

"मग अजून किती फिरवू?"

"निवासला चष्म्याशिवाय वाचता येईल इतका."