सड्यातलं औषध

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या नगराचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. नगर टेकडीवर होतं. घराघरांतलं सांडपाणी दगडी गटारांतून वाहत पायथ्याच्या एका तळ्यात जमायचं. आत जाताना ते काळं असायचं आणि पलीकडच्या बांधावरून बाहेर पडताना इतकं नितळ, की खालच्या गावातल्या बाया त्यात भाजी धुऊन वर नगरात विकायला न्यायच्या.

हे कोण करायचं? तळ्याच्या तपकिरी गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव राहत होते. नगराची सगळी घाण ते खाऊन टाकायचे. त्यांना ना पगार, ना मानपान. लोक नाकाला पदर लावून तिथून जायचे, आणि खरं सांगायचं तर तुम्हीआम्हीही तेच केलं असतं.

त्या नगरात एक वैद्य होता. एका वर्षी तापाची साथ आली आणि त्याची थोरली मुलगी दगावली. वैद्य रानोमाळ हिंडला, मुळ्या-साली गोळा केल्या आणि शेवटी त्याने एक कडूजहर निळं चूर्ण तयार केलं. चिमूटभर मधातून दिलं की ताप उतरायचा. धाकटी शेवंती त्याच चूर्णाने वाचली. आता ती एकच उरली होती. तिला पुन्हा ताप शिवू नये, एवढा एकच ध्यास त्याला लागला.

म्हणून त्याने राजाला गळ घातली, की चूर्ण घरोघर वाटा. राजाने वाटलं. त्या नगराला टापटिपीचा भारी दिमाख. रोज सकाळी अंगणात सडा घालण्यावरून शेजारणींत चढाओढ चालायची. एकीने सड्याच्या पाण्यात मूठभर चूर्ण कालवलं, तर दुसरीने ओंजळभर. अंगणं निळी दिसू लागली. पुढे भांडी, कपडे, गोठेसुद्धा त्याच पाण्याने धुतले जाऊ लागले. वैद्य ते बघून सुखावायचा. आणि ते सगळं पाणी तळ्यात उतरत होतं.

आधी तळं मेल्यासारखं झालं. पाणी काळं ते काळंच बाहेर पडू लागलं, मासे उलटे तरंगले. पण पावसाळा सरता सरता पाणी पुन्हा नितळलं. निळं विष रोज येत होतं आणि तळं ते पचवत होतं. नगर थक्क झालं. लोकांनी तळ्याला नारळ वाहिला आणि सड्यात चूर्ण आणखी वाढवलं.

अशातच साथ परतली आणि शेवंतीला ताप भरला. वैद्याने चूर्ण दिलं. ताप उतरेना. पुन्हा दिलं, जास्त दिलं, तरी अंग भाजतच होतं. पोरीला तिच्या आत्याच्या हवाली करून तो भर उन्हात टेकडी उतरला. हे विष ज्या तळ्याला बाधलं नाही, त्यालाच विचारावं, असं त्याच्या मनात आलं.

त्याने ओंजळभर गाळ उचलला आणि त्यातून आवाज आला. बारीक होता, पण असंख्य जीव एका सुरात बोलत होते.

औषध आलं तेव्हा आमच्यातले बहुतेक मेले, असं त्यांनी सांगितलं. उरलेले एकमेकांना बिलगले आणि अंगाभोवती बुळबुळीत लेप करून बसले. बाहेरचे मरत गेले, आतले तगले. कुणाला आत शिरलेलं विष बाहेर टाकायची युक्ती साधली, तर कुणी चक्क तेच खायला शिकलं.

"आणि शेजाऱ्याने मागितलं की आम्ही शिकलेलं देऊन टाकतो," आवाज म्हणाला. "हातचं राखून ठेवणं आम्हांला माहीत नाही."

ज्यांना कधी कुणी जीव म्हणून मोजलंच नव्हतं, त्यांची ही विद्या ऐकून वैद्याचे डोळे भरले. क्षणभर तो सगळं विसरला. मग त्याला तापाने फणफणलेली शेवंती आठवली.

"तापाचे जीवही याच गटारांतून इथे येतात आणि धुतलेल्या भाजीबरोबर परत नगरात चढतात," तो हळू म्हणाला. "त्यांनाही दिलंत?"

"त्यांनी मागितलं, आम्ही दिलं. आपला कोण आणि परका कोण, हे आम्हांला कळत नाही, वैद्यबुवा. औषध तर तुम्हीच धाडत होता, रोज सकाळी."

वैद्याला राग आला नाही. यावर उपाय काय, एवढंच त्याने विचारलं. ही विद्या अंगावर वागवणं जड जातं, असं जीवांनी सांगितलं. औषध यायचं थांबलं तर बरेच जण ती हळूहळू टाकून देतील, पण त्याला काळ लागेल.

शेवंतीकडे तेवढा काळ नव्हता. ती गेली.

सुतक फिटल्यावर वैद्याने राजाच्या पाया पडून घरोघरचं चूर्ण परत मागवलं आणि कुलपात ठेवलं. लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. सडा पुन्हा साध्या शेणपाण्याचा झाला. वर्षं गेली, वैद्य म्हातारा झाला. एके वर्षी कुंभाराच्या मुलीला तोच ताप भरला. वैद्याने एकच चिमूट चूर्ण मधात कालवून तिच्या जिभेवर ठेवली. सकाळी तिचं कपाळ गार होतं आणि ती भाकरी मागत होती. वैद्य तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. मग काठी टेकत तळ्यावर गेला आणि त्या गाळापुढे त्याने डोकं टेकलं.

बोध: गरजेपुरतं वापरलेलं औषध रोग्याला वाचवतं, आणि उगाच उधळलेलं औषध रोगालाच शहाणं करतं.